एचडीपीई पाईपच्या लाईनवर रिसायकल पेट चालवायचंय, कुणी केलंय का?

फिरता_स्क्रू:
नमस्कार मंडळी. आमची एचडीपीई पाईपची लाईन आहे, ६० मिमीचा सिंगल स्क्रू (बॅरल म्हणजे गरम नळीत फिरून प्लॅस्टिक वितळवणारा), पुढे व्हॅक्यूम टँक, स्प्रे टँक, पाईप ओढणारा हॉल ऑफ, कटर, नेहमीचंच सगळं. एक फिल्म बनवणारा ग्राहक बरेच दिवस मागे लागलाय की रोल ज्याच्यावर गुंडाळतात ते कोअर (पोकळ नळ्या) रिसायकल पेटमधून, म्हणजे पीईटी, बाटल्यांच्या प्लॅस्टिकमधून काढून द्या. आतला व्यास ७६ मिमी, भिंत ३ मिमी. प्रेशर नाही, पाणी नाही, नुसतं रोल धरून ठेवायचं काम. मला वाटतं टेंपरेचर वाढवलं, डाय (माल जिथून पाईप होऊन निघतो ते तोंड) पुसून घेतली की जमायला हवं. माल ओतायच्या हॉपरवर हॉट एअर ड्रायर आहेच. धुतलेले फ्लेक (बाटल्यांचे बारीक तुकडे) एका पुरवठादाराकडून मागवलेत, येत्या आठवड्यात ट्रायल घ्यायचा विचार आहे. कुणी केलं असेल तर सांगा, काय काय सांभाळायचं?

रात्रपाळी:
दादा, थांबा जरा. टेंपरेचर वाढवून होणारं काम नाही हे. एचडीपीई तुम्ही २०० च्या आसपास चालवत असाल, पेट वितळतंच मुळी २५० च्या वर, म्हणजे बॅरल २७० ते २८० वर ठेवावं लागणार. आधी हीटर तेवढे जातात का बघा आणि तापमान मोजणारे थर्मोकपल खरं दाखवतात का ते बघा. आमच्याकडे एका झोनचं थर्मोकपल नीट टेकलेलंच नव्हतं, पॅनेलवर २७० आणि आत भलतंच, दोन तास आम्ही मटेरियलला दोष देत बसलो होतो.

सुकी_हवा:
मी पेटच्या शीट लाईनवर बरीच वर्षं काढलीत म्हणून जरा लांब लिहितो, वाचा शांतपणे. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात धोक्याची ओळ म्हणजे 'हॉट एअर ड्रायर आहेच'. एचडीपीईला ओल फक्त वरवर लागलेली असते, गरम हवा मारली की उडून जाते. पेट हवेतलं पाणी आत ओढून घेतं, उघडं पडलेलं फ्लेक ०.२ ते ०.४ टक्क्यापर्यंत ओल धरून बसू शकतं. आणि हे पाणी बॅरलमध्ये वाफ होऊन निघून जात नाही, ते पेटची साखळी तोडतं. एस्टरचा एक बंध तोडायला पाण्याचा एक रेणू पुरतो.

हिशोबच मांडतो म्हणजे किती गंभीर आहे ते कळेल. बाटलीच्या पेटचा सरासरी रेणुभार साधारण २४,००० धरा, म्हणजे एका किलोत ०.०४२ मोल साखळ्या. पाण्याचा रेणुभार १८. आता फ्लेकमध्ये ०.३ टक्के ओल असेल तर किलोमागे ३ ग्रॅम पाणी, म्हणजे ०.१६७ मोल. ते सगळं कामाला लागलं तर एका साखळीचे पाच तुकडे होतात, रेणुभार पाच हजाराच्या खाली. त्याचा पाईप कसला, मेणबत्ती पण धड होणार नाही. तेच ओल ५० पीपीएमवर (दहा लाखात ५० भाग) आणली तर साखळ्यांची संख्या ६-७ टक्क्यांनीच वाढते, तेवढं सोसता येतं. म्हणून सगळे ५० पीपीएम, ५० पीपीएम म्हणून कानीकपाळी ओरडत असतात.

ते गाठायचं तर हवेतली ओल शोषून घेणारा डेसिकंट ड्रायरच लागतो, हवेचा ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं दव होतं) उणे ४० च्या आसपास, तापमान १६० ते १७०, आणि ४ ते ६ तास. साधा हॉट एअर ड्रायर बाहेरचीच दमट हवा गरम करून आत ढकलतो. आणि सुकवलेला माल उघड्या गोणीत भरून मशीनपर्यंत नेलात तर केलेली मेहनत वाटेतच गेली, हॉपर बंद हवा आणि त्यात कोरडी गरम हवा चालू हवी.

फ्लेकताई:
सुकी_हवा यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी वॉशिंग लाईनवर काम करते, फ्लेकच्या बाजूचं सांगते.

एक म्हणजे थेट १६० च्या ड्रायरमध्ये ओतू नका. बाटलीची भिंत ताणलेली असते, तिच्यात क्रिस्टल आधीच असतात, ती टिकते. पण मानेचा भाग ताणलेला नसतो, तो ८० च्या वर गेला की मऊ पडून चिकटतो आणि हॉपरमध्ये ढेकळं होतात. आधी ढवळत तापवणाऱ्या क्रिस्टलायझरमधून काढा, काचेसारखा तुकडा पांढरट झाला की तो मग चिकटत नाही. तुमच्या स्वतःच्या लाईनवरचा पेट स्क्रॅप दळून परत घालाल ना, त्याला तर हे फारच महत्त्वाचं, कारण तो सगळाच मानेसारखा असणार.

दुसरं पीव्हीसी. पाण्याच्या टाकीत झाकणं तरंगतात, ती पीपी किंवा एचडीपीई असतात, सहज वेगळी होतात. पीव्हीसी आणि पेट दोघांची घनता १.३५ च्या आसपास, दोघं हातात हात घालून बुडतात. पेटच्या तापमानाला पीव्हीसी जळतं, त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं, ते लोखंडाला खातं आणि पेटची साखळी पण तोडतं. ५० पीपीएम पीव्हीसी म्हणजे किती ते डोळ्यासमोर आणा: एक सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटरचा पातळ तुकडा ४० मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे किलोभर फ्लेकमध्ये एखादाच तुकडा!

तपासायचं सोपं आहे. एक किलो फ्लेक ट्रेमध्ये पातळ पसरून २०० ते २२० च्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा. पेट पांढरं पडेल, पीव्हीसी तपकिरी काळं होईल, चिमट्याने उचलून वजन करा. शंका आली तर तांब्याची तार लाल करून तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा, हिरवी ज्योत आली की क्लोरीन आहे. हे खिडकी उघडी ठेवूनच करा, तो धूर वाईट असतो.

आणि पुरवठादाराला कॉस्टिक सोडा नीट धुऊन काढतोस का विचाराच. लेबलचा गोंद काढायला गरम कॉस्टिकमध्ये धुतात, ते फ्लेकवर राहिलं की पुढे पेटलाच खातं आणि माल पिवळा होतो. ओल्या फ्लेकला पीएच पट्टी लावली तरी कळतं.

मेल्टपंप:
वरच्या दोघांनी कच्च्या मालाचं सांगितलं, मी मशीनचं सांगतो.

तुमच्या बॅरलला फीडमध्ये खाचा आहेत का? एचडीपीई पाईपच्या बऱ्याच मशीनला असतात, थंड पाण्याने गार केलेला खाचांचा बुश. तो दाण्यांसाठी बनवलेला असतो. कडक फ्लेक त्यात अडकतं, दाब भलताच चढतो, बुश झिजतो. पेटला गुळगुळीत फीड बरं. फ्लेकची बल्क डेन्सिटी (ढिगाची घनता) पण दाण्याच्या निम्म्याहून कमी असते, म्हणजे स्क्रूच्या पहिल्या फेऱ्यांमध्ये निम्मी तर हवाच जाते, फीड कधी येतं कधी नाही, आणि पाईपच्या जाडीत लाटा येतात. माल एकसारखा पुढे ढकलणारा गियर पंप असेल तर हा धक्का पुढे जात नाही. नसेल तर निदान फ्लेकचे दाणे करून मग चालवा.

डायचं म्हणाल तर एचडीपीईची डाय मोठ्या पोटाची असते, माल आत बराच वेळ राहतो. एचडीपीई ते सहन करतं, पेट नाही करत. जिथे कोपऱ्यात माल थांबतो तिथे आधी पिवळा होतो मग काळा, आणि मग अधूनमधून काळे ठिपके सुटत राहतात. डाय उघडून कोपरे बघा.

शून्यदाब:
आणि मुख्य राहिलं, मेल्ट स्ट्रेंग्थ, म्हणजे वितळलेल्या मालाने आकार धरून उभं राहायची ताकद. त्यासाठी पाईपला आयव्ही चांगला हवा, आयव्ही म्हणजे साखळी किती लांब त्याचं माप. बाटलीच्या पेटचा आयव्ही ०.७२ ते ०.८४ असतो, धुणं, सुकवणं, एकदा वितळणं होईपर्यंत तो ०.७ किंवा त्याच्या खाली येतो. या आयव्हीचा वितळलेला माल मधासारखा वाहतो, डायमधून निघाला की स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो, व्हॅक्यूम स्लीव्हपर्यंत (पाईपला बाहेरचं माप देणारी नळी) गोल पोचतच नाही. एचडीपीई डायच्या तोंडाशी कसं ऐटीत उभं राहतं, ती सवय विसरा.

वाट दोनच. एक सॉलिड स्टेट, म्हणजे २०० ते २२० ला व्हॅक्यूममध्ये किंवा नायट्रोजनमध्ये बरेच तास ठेवून आयव्ही वाढवलेला माल विकत घ्यायचा. दुसरी चेन एक्स्टेंडर, इपॉक्सीवाला किंवा पायरोमेलिटिक डायअनहायड्राइड, तुटलेल्या टोकांना परत जोडतो. अर्धा टक्का म्हणजे पुष्कळ झाला, जास्त घातलात तर जेल होतात, पाईपवर पुळ्या येतात. पण ओल्या मालाला चेन एक्स्टेंडरने वाचवू असं मनात आणू नका, पाणी जेवढं तोडतं तेवढं तो जोडू शकत नाही.

रात्रपाळी:
यात एक भर. पेटमध्ये बुडबुडे दिसले नाहीत म्हणजे माल कोरडा होता असं समजू नका. पाणी रासायनिक क्रियेत खर्ची पडतं त्यामुळे बुडबुडा येईलच असं नाही. माल पाण्यासारखा पातळ दिसला आणि मोटरचा अँपियर पडला की समजा, ओल आहे.

फिरता_स्क्रू:
सगळ्यांचे मनापासून आभार. पण खरं सांगायचं तर तुमची उत्तरं येईपर्यंत आमची पहिली ट्रायल होऊन गेली होती, ग्राहकाला तारीख दिलेली त्यामुळे थांबता आलं नाही. तुम्ही जे जे लिहिलंत ते तसंच्या तसं घडलं.

हॉट एअर ड्रायरला ११० वर चार तास फ्लेक ठेवले. उघडून बघतो तर हॉपरच्या तळाशी नारळाएवढं ढेकूळ, लोखंडी सळईने फोडून काढलं. ते फोडताना नीट बघितलं, सगळे जाड मानेचे तुकडे एकमेकांना चिकटलेले आणि पातळ फ्लेक त्यांच्या मध्ये अडकलेले, ताई अगदी तुम्ही म्हणालात तसं. मग बॅरल २७५ वर घेऊन सुरू केलं. पहिली पाच मिनिटं आधीचं एचडीपीई निघालं, दुधट, मग पट्टे पट्टे, मग अचानक डायच्या तोंडातून तेल सांडावं तसा पारदर्शक माल, गोल वगैरे काही नाही, खालच्या कडेने सरळ जमिनीवर धार. अँपियर नेहमीच्या निम्म्यावर आलेला. जमिनीवर पडलेलं गार झाल्यावर उचललं तर बोटाच्या दाबाने काचेसारखं कडकन मोडलं. बुडबुडा एक नाही. रात्रपाळीदादा, तुमची पोस्ट आदल्या दिवशी वाचली असती तर निदान काय चाललंय ते कळलं असतं.

आता ग्राहकाशी बोलून मुदत वाढवून घेतलीय. भाड्याने डेसिकंट ड्रायर मिळतोय, क्रिस्टलायझरसकट. फीडमध्ये खाचा आहेत, पण गुळगुळीत बुश आमच्याकडे पडून आहे तो बसवतो. आणि फ्लेकऐवजी चेन एक्स्टेंडर घालून दाणे करून घेतो बाहेरून. चुकतंय का काही?

मेल्टपंप:
बरोबर चाललंय. स्लीव्ह कुठली वापरणार?

फिरता_स्क्रू:
आहे तीच, ८२ च्या पाईपची. का?

मेल्टपंप:
माप घ्या तिचं. एचडीपीई गार झाल्यावर दोन अडीच टक्के आक्रसतं म्हणून तुमची स्लीव्ह ८४ च्या आसपास कापलेली असणार. क्रिस्टल न होऊ देता गार केलेलं पेट जेमतेम अर्धा टक्का आक्रसतं. त्या स्लीव्हमधून पाईप ८३.५ च्या वर येईल. बाहेरून जास्त आलं की भिंत तेवढीच ठेवून आतला व्यास पण जास्त, कोअर शाफ्टवर सैल बसेल. पेटसाठी वेगळी स्लीव्ह करावी लागेल, आणि तोंडाशी पाण्याचा पातळ थर नीट फिरला पाहिजे, पेट गरम धातूला फार चिकटतं.

फिरता_स्क्रू:
हे तर डोक्यातच आलं नव्हतं. मोजली आत्ताच, ८४.१. टर्नरला नवीन सांगतो.

प्रयोगशाळा:
वाचत होते गप्प, पण एक गोष्ट राहून जातेय म्हणून लिहिते. ही लाईन नंतर परत एचडीपीईच्या पाण्याच्या पाईपला वापरणार आहात का? तसं असेल तर कृपा करून नीट विचार करा. पेट आत कुठे शिल्लक राहिलं आणि तुम्ही २०० ला एचडीपीई सुरू केलंत तर ते पेट वितळणारच नाही, कडक कणासारखं पाईपच्या भिंतीत जाऊन बसेल. प्रेशर पाईपमध्ये असा एक कण म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. त्या पाईपचा हिशोब ५० वर्षांचा धरलेला असतो, २० अंशाला पन्नास वर्षं दाब सहन करेल अशी चाचणी काढून त्याचा दर्जा ठरतो, आणि तुमचा कण दुसऱ्या तिसऱ्या वर्षी जमिनीखाली फुटेल. ज्याच्या घरी ते पाणी जातं त्याला कधीच कळणार नाही का फुटलं ते.

आमच्या लॅबमध्ये एक पाईप आला होता, फुटलेल्या जागी आडवा काप घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला तर मधोमध एक पिवळसर कण, आणि त्याच्याभोवती पंख्यासारख्या रेषा पसरलेल्या. तो कण पेटच होता, हीटिंगच्या चाचणीत २५० च्या जवळ वितळला. अजून डोळ्यासमोर आहे माझ्या. बॅरल, डाय, स्क्रीन चेंजर (माल गाळणाऱ्या जाळीची जागा) सगळं उघडून साफ केल्याशिवाय परत प्रेशर पाईपला जाऊ नका, आणि जमत असेल तर ही लाईन कायमची वेगळीच ठेवा.

शून्यदाब:
ताईंनी फार महत्त्वाचं सांगितलं. त्याच ओघात, पेटचा प्रेशर पाईप करायचा मोह कुणाला झाला तर टाळा. पाण्याच्या पाईपचे दर्जे पीई, पीव्हीसी, पीपी यांच्यासाठी वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन बसवलेत. पेट ७० ते ८० ला मऊ पडतं, गरम पाणी चालत नाही, आणि अल्कली त्याला खाते, सिमेंटमध्ये पुरलं तर काँक्रीटचा पीएच १२-१३ असतो, तिथे ते हळूहळू कुरतडलं जातं. कोअर मात्र योग्य जागा आहे. पेटचा कडकपणा एचडीपीईच्या दुप्पट, रोलचा दाब चारी बाजूंनी आत येतो तिथे हेच हवं असतं.

फिरता_स्क्रू:
प्रयोगशाळाताई, तुमची पोस्ट मी मालकांना मोबाईलवर वाचून दाखवली. पाण्याचा पाईप या लाईनवर परत काढायचा नाही असं ठरलं, तो दुसऱ्या मशीनवर नेतोय. त्यांनी फार वाद नाही घातला.

फिरता_स्क्रू:
दुसऱ्या ट्रायलचं सांगतो. दाणे डेसिकंट ड्रायरमध्ये १६५ ला सहा तास. मॉइश्चर मीटरवर ३८ पीपीएम. बॅरल २६५ ते २७५, डाय २६०. या वेळेस माल डायच्या तोंडाशी उभा राहिला. लोंबला थोडा, पण स्लीव्हमध्ये शिरला, व्हॅक्यूमने पकडला, आणि जेव्हा हॉल ऑफमधून पहिला स्वच्छ काचेसारखा पाईप बाहेर आला ना, सगळी पाळी कटरपाशी येऊन उभी राहिली.

पण दहा मिनिटांनी बघतो तर बाहेरून पारदर्शक आणि आतली बाजू दुधासारखी पांढरी. व्हाइसमध्ये कडं दाबलं तर बाहेरची बाजू वाकते आणि आतून चर्र करून तडा जातो. हे काय?

सुकी_हवा:
आत क्रिस्टल झालंय. पेट १७० ते १८० च्या दरम्यान सगळ्यात पटकन क्रिस्टल होतं, तिथून ते झटकन खाली आणलं तर पारदर्शक राहतं, रेंगाळलं तर पांढरं आणि ठिसूळ. तुम्ही फक्त बाहेरून गार करताय, आतल्या पृष्ठभागाची उष्णता अख्खी भिंत ओलांडून बाहेर येते. आणि गार व्हायचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. ३ ची २.२ केली तर वेळ जवळपास निम्म्यावर येतो. रिसायकल मालात बारीक कचरा असतो त्याच्यावर क्रिस्टल लवकर धरतात, आयव्ही कमी असला तरी लवकर धरतात, म्हणून नव्या मालापेक्षा हे जास्त जाणवतं. पेट कडक आहे, २.२ मध्ये रोल पेलतो का ते ग्राहकाला दाबून बघायला सांगा. पाणी जेवढं गार देता येईल तेवढं द्या, स्लीव्हच्या तोंडाशी खास.

मेल्टपंप:
+१. डायची मँड्रेल (मधला दांडा) बदलायला लागेल, नुसता वेग वाढवून ओढून पातळ करू नका, लोंबणं वाढेल.

फिरता_स्क्रू:
उशीर झाला उत्तराला. मँड्रेल आणि पिन बदलली, भिंत २.२, स्लीव्ह नवीन, चिलरचं पाणी १२ अंश. आतून आता स्वच्छ येतंय, जोडाजवळ किंचित धुकं असतं ते सोडलं तर. आतला व्यास ७६.१ ते ७६.३. ग्राहकाने पन्नास कोअरवर रोल गुंडाळून गोडाऊनमध्ये ठेवलेत, महिना झाला, एकही चेपलेला नाही. त्यांना स्पष्ट सांगितलंय की ६० च्या वर तापणाऱ्या जागी ठेवायचे नाहीत.

दोन गोष्टी अजून त्रास देतात. कटरला कडेला पांढरी रेघ येते, ब्लेडचे दात बारीक केले तर कमी झाली. आणि मशीन बंद करताना पेट आत गोठून स्क्रूला धरून बसतं, दुसऱ्या दिवशी फिरवायलाच धीर होत नाही.

रात्रपाळी:
बंद करताना कधीच पेट आत ठेवून थंड करू नका. चालू असतानाच एचडीपीई घालून पेट पूर्ण बाहेर काढा, डायमधून दुधट एचडीपीई यायला लागलं की मग हीटर उतरवा. सुरू करताना पण डाय आतपर्यंत तापायला वेळ द्या, पॅनेलवर २६० दिसलं म्हणजे मधली मँड्रेल तापली असं नाही, आम्ही दोन तास भिजू देतो.

फ्लेकताई:
आणि पुढच्या लॉटची ओव्हनची चाचणी चुकवू नका. पहिला लॉट चांगला निघाला म्हणून दुसरा निघेलच असं नाही, बाटल्यांच्या गठ्ठ्यात कुठून काय येईल सांगता येत नाही.

फिरता_स्क्रू:
हो ताई, आज सकाळीच केली. किलोमध्ये दोन तपकिरी तुकडे निघाले, तारेला हिरवी ज्योत आली. तो लॉट परत पाठवतोय.